हलका माल कोणाला म्हणता, दाजी?

हलका माल? मी? परत म्हणा, दाजी. बडोद्यात मांडवीला चहाच्या लारीवर, त्या हातगाडीपाशी, चार माणसांत म्हणालात ना, तसंच परत म्हणा. "बाळूच्या हातात हलका माल टाकला त्या हॉस्पिटलवाल्यांनी, म्हणून तुटला." सगळे हं हं करत होते. बाळकृष्ण तिथंच बाकड्यावर बसला होता. तोही म्हणाला, "हो, रॉडच खराब निघाला."

तेव्हाच ओरडलो असतो. पण मला तोंड कुठंय?

आता ऐका. मी बाळकृष्णच्या उजव्या दंडातला रॉड. खांद्यापासून कोपराच्या थोडं वरपर्यंत, हाडाच्या पोकळीत बसलेला. सध्या माझे दोन तुकडे आहेत, पण भांडायला एक तुकडा पुरतो. आणि भाषा माझी अशीच राहणार. ज्याच्या हाडात राहिलो त्याचंच बोलणं उचललं मी. तो शहाद्याकडच्या खेड्यातला, शाळा अर्ध्यात सोडलेला, तोंडाने फटकळ आणि डोक्याने गरम. गोड बोलणारा रॉड पाहिजे असेल तर दुसऱ्याच्या हातात शोधा.

मला दिसत नाही. पण हाडातून आवाज फार चांगला येतो, दाजी. भिंतीला कान लावावा तसा. तुम्ही जे विसरल्यासारखं करताय ते सगळं मी ऐकलेलं आहे.

माझा जन्म वाघोडिया रोडच्या बाजूला एका शेडमध्ये झाला. लांब सळईतून कापला, लेथवर धरला, वर आणि खाली स्क्रूची भोकं पाडली, घासून घासून आरसा केला. तिथं एक बाई भिंग लावून बसायची. कुणाच्या अंगावर ओरखडा दिसला की तो टोपलीत, भंगारात. माझ्या शेजारचा गेला, त्याच्या पुढचा गेला. मला तिने दोनदा फिरवून बघितलं आणि डब्यात ठेवलं. तेव्हा माल कसा होता ते मला सांगू नका.

मग हॉस्पिटलचं कपाट. तिथं मांडीचे रॉड पण होते, लांबलचक, माजलेले. म्हणायचे, "आमच्यावर अख्खा माणूस उभा राहतो. तू दंडाचा. तुझ्यावर काय पेलणार, चहाचा कप?" मी म्हणायचो, कप तर कप. माणूस चहा पितोच की.

बाळकृष्णचा हात तुटला उत्तरायणला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला. हे मी बघितलं नाही, पण तो भेटेल त्याला सांगतो, म्हणून मला पाठ आहे. गॅसचे सिलिंडर घरोघर पोचवायचं त्याचं काम. समा, फतेगंज, तिकडच्या सगळ्या सोसायट्या. लिफ्ट बंद असली तरी भरलेला सिलिंडर खांद्यावर मारून तिसऱ्या मजल्यावर जायचा आणि वर जाऊन बाईला विचारायचा, "बेन, क्यां मूकू?" कुठं ठेवू म्हणून. दम लागलेला दाखवायचा नाही. लग्न केलं नाही त्याने. खोलीत एकटा. त्याच्या जिवाला एकच माणूस, कोमल. तुमची मुलगी, त्याची भाची.

त्या दिवशी तिच्यासाठी उंधियूच्या भाजीचा डबा घेऊन मोपेडवर निघाला होता. फतेगंजला कापलेल्या पतंगाचा मांजा आडवा आला, सरळ गळ्यावर. त्याने हात वर घेतला म्हणून गळा वाचला. पण गाडी घसरली आणि उजवा दंड डिव्हायडरच्या कडेवर आपटला. हाड मधोमध, काकडी मोडावी तसं. डबा फुटला, ते तो हातापेक्षा जास्त वेळा सांगतो.

हॉस्पिटलात कोमलच धावत आली. सही तिची. काही लागलं तर फोन करायला नंबरही तिचाच. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला कपाटातून काढलं. वाफेत शिजवलं. डॉक्टरीणबाई म्हणजे मालविकाबाई, बडोद्याच्याच, हळू आवाजाच्या, पण हातात हातोडी. खांद्याशी काप घेतला, हाडाच्या डोक्याला भोक पाडलं, आतली पोकळी कोरली आणि मला वरून ठोकत ठोकत खाली उतरवलं. तुटलेल्या जागी आलो तेव्हा त्या थांबल्या. सोबतच्या डॉक्टरला म्हणाल्या, "इथं सांभाळून. हाडाला चिकटून नस जाते. ती गेली की मनगट गेलं."

तेव्हा मला कळलं, मी एकटा नाही इथं. हाडाला मागून वळसा घालून ती नस खाली जाते, कारल्याचा वेल काठीला धरतो तशी. मनगट वर उचलायचं, बोटं उघडायची, सगळं तिच्या जिवावर. मी आत, ती बाहेर, मध्ये हाड. शेजारीण झाली माझी.

स्क्रू आवळले. बाळकृष्ण शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्याला सांगितलं, "मी हाड जोडलेलं नाही, बाळकृष्णभाई. मी फक्त सरळ धरून ठेवलंय. जोडायचं काम तुमच्या शरीराचं. तोपर्यंत या हाताने वजन नाही. आणि तंबाखू आजपासून बंद."

इथंच लोकांची गल्लत होते, दाजी. यांना वाटतं रॉड टाकला म्हणजे हात लोखंडी झाला, आता पहिल्यापेक्षा मजबूत. बिनडोकपणा आहे नुसता. मी हाड नाही. मी आधार आहे. हाड जुळेपर्यंत मी धरायचं, जुळलं की मला सगळ्यांनी विसरायचं, एवढंच माझं आयुष्य. पण हाड जुळलंच नाही आणि माझ्यावर रोज ताण पडत राहिला, तर तार इकडून तिकडे वाकवून मोडतात तसा मी मोडणार. कुठलाही रॉड मोडणार. मांडीचा तो माजलेला असता तरी मोडला असता.

बाळकृष्णने काय केलं? कोमलला सांगितलं, तंबाखू सोडली. गालात होतीच. फक्त ती आली की थुंकून यायचा. ते विष रक्तातून हाडापर्यंत यायचं आणि हाड जे दोन टोकांनी एकमेकांकडे सरकायला बघायचं ते तिथंच थबकायचं. थोडं बरं वाटल्यावर कामावर गेला. म्हणाला, सिलिंडर डाव्या खांद्यावर घेईन. अरे पण चढवताना उजवा लागतोच ना? प्रत्येक सिलिंडरला मी वाकायचो आणि सरळ व्हायचो. पोटात बारीक तडा गेला, तो मला कळला. सांगणार कोणाला?

आता तुमची पाळी, दाजी.

कोमलचं लग्न ठरलं, क्षितिजशी. अहमदाबादचा मुलगा, घर चांगलं. लग्नाच्या आधी बाळकृष्णला तपासायला तुम्हीच गाडीतून घेऊन गेलात. बाईंनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "हाड अजून जुळलेलं नाही. फट स्पष्ट दिसते. सगळा भार रॉडवर आहे. पुढच्या वेळेला असंच असेल तर कमरेचं हाड घेऊन इथं घालावं लागेल. तोपर्यंत पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही."

बादलीसुद्धा. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होतात. "हो मॅडम, हो मॅडम" करत होतात. मी मोजलं नाही, पण बरेचदा केलंत.

परत येताना गाडीत तुम्हीच म्हणालात, "कोमलला सांगू नकोस. लग्नाच्या तोंडावर पोरगी काळजी करत बसेल." ठीक आहे. बापाचं काळीज, समजलो. बाळकृष्ण पण हो म्हणाला. तिला फोनवर सांगितलं, "पास झाला तुझा मामा. हाड पक्कं जुळलं."

मग घरात देवक बसायच्या आदल्या दिवशी पाहुणे जमले. तुमच्याकडची रीत निघाली. तुमच्या घरात नवरी चालत मांडवात येत नाही. मामाने उचलून आणायची, पाय भुईला लागू द्यायचा नाही, थेट पाटावर. सुहासिनी, म्हणजे बाळकृष्णची बहीण, तुमची बायको, तिलाही तिच्या मामाने तसंच आणलं होतं. ती गेली तेव्हा कोमल शाळेत होती. जाताना भावाला म्हणाली होती, माझ्या पोरीला मांडवात तू आण. हे बाळकृष्ण कधी बोलत नाही. पण झोपेत हे शब्द पुटपुटतो आणि त्याचा दंड आखडतो, म्हणून मला ठाऊक आहे.

तुम्हाला सगळं माहीत होतं. बादलीसुद्धा नाही हे माहीत होतं. तुम्ही म्हणू शकला असतात, या वेळी नवरी चालत येईल, माझं घर आहे, मी सांगतो. त्याऐवजी काय म्हणालात?

"बाळू, तुला जमत नसेल तर सांग. माझे चुलतभाऊ फत्तेसिंहराव आहेत, ते उचलतील. कोणी विचारलं तर सांगू, मामाचा हात अधू आहे."

अधू. पाहुण्यांसमोर. मी सांगतो तुम्हाला त्या शब्दाने काय झालं. दंडाचा सगळा मांसाचा गोळा दगड झाला. मला वाटलं आत्ताच मोडतो. बाळकृष्ण म्हणाला, "अधू कोण? तुम्हाला आणि फत्तेसिंहरावांना एकदम उचलून मांडवी दाखवून आणू का?" सगळे हसले. तुम्ही पण हसलात. तिथं ठरलं.

लग्नाच्या दिवशी तो खोलीत गेला तेव्हा कोमल तयार होऊन बसली होती. बांगड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मामा, मी चालत येते. बाबांना मी सांगते."

"गप बस."

"तुझ्या हाताला काही झालं तर मला जन्मभर लागेल. शपथ सांगते, मला चैन पडणार नाही."

"हाड पक्कं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिनधास्त उचला." खोटं, सरळ तोंडावर खोटं. "आणि तू काय सिलिंडर आहेस का? रिकामा डबा तू. चल."

ती हसली. त्याने उचललं.

दाजी, मी धरलं. जीव खाऊन धरलं. माझ्या पोटातला तडा एकेका पावलाला उघडत होता आणि मी म्हणत होतो, अजून नाही, अजून नाही. बाहेर सनई, लोकांचा गलका, कोणीतरी म्हणालं, "जुओ जुओ, मामा आव्या." मांडवापर्यंत पोचलो. पाटापाशी पोचलो. उचलून चालणं मी निभावलं. पण ठेवताना माणूस वाकतो, आणि सगळं वजन पुढं येतं.

कट.

बाळकृष्णने तिला टाकली नाही, हे पण सांगतो. मी तुटलो तरी त्याने डाव्या हातावर तिला सावरली आणि पाय पाटावरच टेकवले. भुईला नाही. तिला काही कळलं नाही. सनई होती ना.

पण तुम्ही तिथं होतात. शेजारी, खांद्याला खांदा. तुम्ही ऐकलंत. कारण तुम्ही विचारलंत, हळूच, "काय झालं रे?"

तो म्हणाला, "काही नाही."

आणि तुम्ही काय म्हणालात, दाजी? आठवतंय? मला आठवतंय, माझे त्या वेळी नुकतेच दोन झाले होते.

"मग सरळ उभा राहा. फोटो काढतायत."

तो उभा राहिला. मंगलाष्टका संपेपर्यंत भाचीच्या मागे, डाव्या हाताने उजवं कोपर धरून. घामाने दंड भिजला होता. अक्षता डाव्या हाताने टाकल्या त्याने. एका म्हातारीने झापलं, "अहो मामा, डाव्या हाताने कसल्या अक्षता टाकता? काही कळतं की नाही?" तो म्हणाला, "चुकलो, आजी." आणि परत डाव्यानेच टाकल्या.

पाठवणी झाली. गाडी गेल्यावर तो मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला. पाहुणे जमले, दंड सुजून हा एवढा. काय झालं, काय झालं. तेव्हाच तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, रॉड हलका निघाला. आणि तो हो म्हणाला.

त्याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला होता. मी इतके महिने तुला धरून होतो रे, आणि तू मला नाव ठेवतोस?

मग तो हॉस्पिटलला गेलाच नाही. सावली गावाकडे एक हाडवैद आहे, त्याच्याकडे गेला. त्याने दंड तेलाने रगडला. आत मी मोडलेला, हाड मोडलेलं, आणि वरून अंगठे रुतवून रगडतोय. मग बांबूच्या कामट्या आणि वर पट्टी, अशी करकचून की बोटं थंड पडली. म्हणाला, लोखंड आतच विरघळून जाईल. मी विरघळणार? मी गूळ आहे?

माझ्या तुटक्या तोंडाला धार आहे, दाजी. हाडाची टोकं पण धारदार. हात हलला की आम्ही हलतो. आणि बाजूला ती शेजारीण, ती नस. आम्ही तिला घासतोय. मला नाही घासायचं, पण मी कुठं सरकू? कामट्या वरून दाबतात. ती आधी मुंग्या आल्यासारखी तडफडायची. आता बरेचदा गप्पच असते. तिचं गप्प असणं मला आवडत नाही.

त्याचा अंगठा उठेना झाला. मग मनगट लोंबायला लागलं, ओल्या फडक्यासारखं. चहाचा कप. आठवतात ते मांडीचे रॉड? कप पण पेलवत नाही आता. आणि हे तुम्ही बघितलंय. लारीवर तुम्हीच त्याच्या उजव्या हातात कप दिलात. तो पडला, फुटला. कोणीतरी म्हणालं, "काय बाळूभाई, सिलिंडरवाला माणूस अन चहा उचलेना?" सगळे खिदळले. तुम्ही नाही हसलात. मग म्हणालात, हलका माल.

तो हॉस्पिटलला का जात नाही, ते मला एका फोनवरून कळलं. कोमलचा व्हिडिओ कॉल आला होता. फोन त्याने बरणीला टेकवून ठेवला, कारण डावा हात त्याला मोकळा पाहिजे होता. ती म्हणाली, "मामा, हात दाखव बरं." त्याने डाव्या हाताने चादरीखालून उजवं मनगट पकडलं, मागून, तिला दिसणार नाही असं, आणि वर करून हलवलं. टाटा केला. बाहुलीचा हात हलवतात तसा.

ती म्हणाली, "छान. मी सासूबाईंना सांगते, माझ्या मामाने मला तुटक्या हाताने उचललं, तरी काही झालं नाही."

"तुटका कशाचा," तो म्हणाला. "लोखंड आहे लोखंड."

फोन बंद झाल्यावर त्याने चादर बाजूला केली. मग दंडावर डावा हात ठेवून म्हणाला, "तुला शिव्या घालतो, वाईट वाटून घेऊ नको. हॉस्पिटलात गेलो तर बाई आधी तिलाच फोन करतील. पोरगी म्हणेल, माझ्यामुळं झालं. त्यापेक्षा तू खराब निघालास हे बरं."

माझ्याशी पहिल्यांदा बोलला कोणी.

म्हणून त्याच्यावर माझा राग नाही उरला. तो हो म्हणाला ते पोरीसाठी. तुम्ही हलका माल म्हणालात ते स्वतःसाठी. शब्द एकच, पण दोघांचं वजन वेगळं आहे. मला खराब म्हणायचं तर म्हणा, जन्मभर म्हणा. मी लोखंड, मला काय. पण माझ्या नावाखाली त्याचा हात चाललाय.

मालविकाबाई काय करतील मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. मला काढतील, दुसरं काही घालतील, कमरेचं हाड लावतील, नस सोडवून बघतील. हात परत येईल असा शब्द मी देत नाही. पण त्या कामट्यांत तो येणार नाही हे नक्की. जितका उशीर, तितकी ती नस मरतेय. तो स्वतः जाणार नाही. त्याच्या घरी दुसरं कोणी नाही. आणि तो कट आवाज ऐकलेला तुमच्याशिवाय दुसरा माणूस जगात नाही.

तेव्हा उद्या सकाळी समाला त्याच्या खोलीवर या. त्याची शिवीगाळ ऐकून घ्या, दोन घालेल तो, घालू द्या. कामट्या सोडा. गाडीत बसवा. बाईंसमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगा कधी तुटलं, कशाने तुटलं आणि मनगट कधीपासून पडलंय. कोमलला फोनही तुम्हीच करा. तिला सांगा, मामाला मी उचलायला लावलं. तिच्यामुळं नाही, माझ्यामुळं.

मला बाहेर काढून टेबलावर ठेवतील तेव्हा हवं तर हातात घेऊन बघा, हलका आहे का. मग भंगारात टाका, माझी तक्रार नाही.

गाडीची चावी कुठं आहे ते बघून ठेवा, दाजी. सकाळी निघा.